पहिली ओळ, शेवटची ओळ

ता. ९ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. बापाने मुलीची माफी मागू नये असं तुझी आई म्हणायची, पण उशीर तो उशीर. तुझं पुडकं पोचून बारा दिवस झाले. ते भिजलेलं नव्हतं, दोरी सुटली नव्हती. एक कोपरा दुमडला होता तो मी वजनाखाली ठेवून सरळ केला. तेव्हा पुडक्याची काळजी करू नकोस. करायचीच असेल तर माझी कर. बारा दिवस लिहिलं नाही, कारण पेन हातात घेतलं की पहिल्याच ओळीत शिवी उतरायची आणि मी कागद फाडायचो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी आपली पोर कॉलेजात गेली, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकते, तर तिचा पहिला प्रकल्प परक्या बाइंडरने का बांधावा, असं मला वाटलं होतं. पाठव, मी बांधतो, असं मीच म्हणालो होतो. दादा कुरकुरला की बाबा, आता दुकान मी बघतो, तुम्ही डोळ्यांना त्रास देऊ नका. त्याला गप्प केलं. लाल कापड आणून ठेवलं. सोनेरी अक्षरं उठवायचे खिळे एकेक पुसून ठेवले. आणि मग पानं जुळवायला बसलो.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे, तूही तीच शिकलीस. पानांच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, टाइप करणारे आकडे चुकवतात. एका पानाची शेवटची ओळ वाचायची, पुढच्या पानाची पहिली ओळ वाचायची, वाक्य जुळलं की पान उलटायचं. मधल्या मजकुराशी आपलं काय देणंघेणं? पन्नास वर्षांत कायद्याची पुस्तकं बांधली, औषधांची बांधली, मधली ओळ कधी वाचली नाही, म्हणून तर काम वेळेवर दिलं.

अकराव्या पानाच्या तळाशी होतं, “उत्तरदाता क्रमांक बारा हा अर्धवट शिकलेला, सतत काळजी करणारा असून”, आणि बाराव्याच्या डोक्यावर, “घरातला प्रत्येक निर्णय स्वतःच्या हातात ठेवतो.” म्हटलं, असेल कोणी बिचारा. मग सत्ताविसाव्याच्या तळाशी, “अशा बापांना मुलीच्या शाळेपेक्षा स्वतःचं दुकान”, आणि अठ्ठाविसाव्यावर, “मोठं वाटतं.” मग अडतिसाव्यावर, “क्रमांक बारा याचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय आहे.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी क्रमांक बारा? तुझ्या जन्माआधीपासून मी तुझा बाप आहे आणि मला बारावा नंबर? गेल्या सुट्टीत आठ दिवस येऊन राहिलीस, रोज चार वाजता चहा पुढे ठेवून जुन्या गोष्टी विचारत होतीस. मला वाटलं, लेकीला बापाची आठवण झाली. शेजारच्या शिंप्याला मी कौतुकाने सांगितलं की बघा, माझी मुलगी माझं ऐकते. ऐकत कसली होतीस, टिपून घेत होतीस!

मी हे बांधणार नाही. सगळी पानं शिकंज्यात दाबून ठेवली आहेत आणि वरचा स्क्रू मी स्वतः आवळला आहे. दुसरं काही लिही. पृथ्वीवर माणसं कमी आहेत का?

जावईबापूंचा खोकला कसा आहे? दार नीट लावत जा, कडी लागली की एकदा ओढून बघत जा. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि दादा मध्ये बोलतो.

रागावलो तरी माया आटलेली नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा (क्रमांक बारा)


ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दवाखान्याच्या धुलाईघरातून दुपारी सुटले, बसस्टॉपवर उभ्याउभ्या वाचलं आणि माझी बस गेली. त्या बसचा रागही तुमच्यावरच काढते आहे. आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात याला एक नाव आहे. सांगत नाही, नाहीतर म्हणाल पुन्हा काहीतरी चिकटवलं.

तुम्हाला नंबर दिला, कारण नियमच तसा आहे. कुणाचंही नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं असतं तर तुम्हीच ओरडला असता की चारचौघांत अब्रू घालवली. अकरा बाया आहेत त्यात, सगळ्या शाळा अर्ध्यात सुटलेल्या. दोघी माझ्याबरोबर चादरी घडी घालतात, एक बेकरीत आहे, एक लिफ्ट चालवते. त्या कधी कुणापुढे बोलल्या नव्हत्या. समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या की सगळ्या मुलीच सांगतायत, एखादा बाप बोलला तर बरं. वर्गातल्या वीस-वीस वर्षांच्या मुली मला मावशी म्हणतात, त्यांनी आपल्या बापांना विचारून पाहिलं. एकही तयार झाला नाही. तुम्ही झालात. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

आणि चोरून टिपलं म्हणता? पहिल्याच दिवशी संमतीचा कागद तुमच्यापुढे ठेवला होता. वाचून सही करा म्हटलं. तुम्ही वरची ओळ वाचलीत, खालची वाचलीत आणि सही ठोकलीत. वर दादाला उपदेश केलात की न वाचता कधी कशावर सही करू नये.

सत्ताविसाव्या पानावरचं ते दुकानाचं वाक्य माझं नाही. ते आमच्या पाठ्यपुस्तकातलं आहे. त्याच्याच खाली, अठ्ठाविसाव्या पानाच्या मधोमध, मी लिहिलंय की माझ्या बाबतीत हे पूर्ण खरं नाही, कारण या बापाने कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या शिवून मुलीला दरवर्षी सात वह्या करून दिल्या, आणि वर्गात तशा वह्या कुणाकडेच नव्हत्या. ते तुम्ही वाचलंच नाहीत. तुमच्यासाठी पानाला डोकं असतं आणि पाय असतात, पोट नसतंच.

पंधरा मार्चला प्रकल्प द्यायचा आहे. नाही दिला तर वर्ष गेलं. पानं पुन्हा छापता येतील, पण त्या बारा संमतीपत्रांवरच्या सह्या पुन्हा कुठून आणू? एक बाई तर काम सोडून गावीसुद्धा गेली. म्हणून स्क्रू सैल करा.

आणि बाबा, माझ्यासाठी एक करा. एक्केचाळिसावं पान वरपासून खालपर्यंत वाचा. बोट ठेवून वाचा, घाई नाही. मग हवं तेवढं भांडा.

यांचा खोकला कमी आहे. कडी ओढून बघते. तुम्ही सकाळच्या गोळ्या घेता ना? राग गिळून झाल्यावर घ्या, हवं तर.

आहे तशीच माया ठेवावी.

तुमची,
टाचणी


ता. २० फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मधल्या ओळींसकट. तेव्हा पोटाचे टोमणे मला मारू नकोस. मी चौथीतून उठलो. मला एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुझ्या वर्गातल्या पोरी पुस्तक संपवतील. मला वाचता येतं ते कामापुरतं, आणि तेवढ्या वाचण्यावर मी तुम्हा दोघांना वाढवलं.

एक्केचाळिसावं पान मी वाचणार नाही. का वाचू? माझ्याच तोंडची वाक्यं मला परत ऐकवणार! दादा म्हणतो की बाबा, वाचून टाका, एका पानाने काय मरणार आहात. मी म्हटलं, तूही तिच्याकडून झालास का? सूनबाईने भांडी जोरात ठेवली. या घरात आता सगळेच मला शिकवतात.

शाळेचंच काढलंस तर ऐक. शिवणकाम करणारी बाई बाळंतपणाला गेली. मतदारयाद्यांचं काम आलेलं, गठ्ठे छतापर्यंत. दादा कारखान्यात उमेदवारी करत होता. तुझी आई अंथरुणात. मी एकटा. पंधरा दिवसांसाठी तुला शिवायला बसवलं. तुझा हात असा चालायचा की पंधरा दिवसांत तू त्या बाईच्या दुप्पट पानांचे जुज, एकेक जुडगा, शिवायला लागलीस. मी काय तुला विहिरीत ढकललं? घरच्या धंद्यात घेतलं. तू हूं की चूं केलं नाहीस. म्हणून तर तुला सांगितलं ना, आणि आजही सांगतो, की मुलीलाच शिकायची हौस नव्हती. हौस असती तर रडली असतीस. तू टाके घालत बसलीस.

तुझ्या या शास्त्रांचं मला कौतुक नाही असं नाही. पण जे शास्त्र लेकीला बापाच्या चुका मोजायला बसवतं ते कसलं शास्त्र? माझ्या बापाने मला चौथीतून काढलं. मी त्याला नंबर दिला का?

तरी मी दुष्ट नाही. तुझं वर्ष बुडवणार नाही. मार्ग काढला आहे. अडतीस ते त्रेचाळीस ही सहा पानं मी सुरीने कापून काढतो, माझ्या संमतीचा कागदही काढतो आणि बाकीचं उत्तम बांधून देतो. अकरा बाया आहेत, त्या पुरेत. आकड्यांवर पांढरी पट्टी लावून नवे आकडे घालतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. दहा तारखेच्या आत तुझ्या हातात पडेल.

चालेल की नाही ते लगेच कळव. नाही कळवलंस तर हो समजेन. सुरीला धार लावून ठेवली आहे.

लोभ आहे, तो सुरीने तुटायचा नाही.

तुझा,
बाबा


ता. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र थोडक्यात लिहिते. लांबवलं तर नको ते लिहीन.

तुम्हाला पान वाचायला वेळ लागतो यावरून मी बोलायला नको होतं. ते मी मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

तुम्ही सहज लिहिलंत की मला शिकायची हौस नव्हती. सुट्टीत चहा पितानाही हेच म्हणालात. तेव्हा माझी पेन्सिल थांबली होती, तुम्ही म्हणालात की टोक मोडलं का. टोक नव्हतं मोडलं. बाबा, मी चौदा वर्षांची असताना तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं. तुम्ही दुकानात उभं राहून सांगितलं होतं की शाळेनेच तुझं नाव काढलं. एवढंच. मी समजले की मी ढ आहे म्हणून मला काढलं. मी रडले नाही कारण मला लाज वाटली. तीस वर्षं मी शाळेच्या रस्त्याने गेले नाही. मुलाचा गृहपाठ घ्यायची वेळ आली की यांना पुढे करायची. कॉलेजचा प्रवेशअर्ज दोन वर्षं ट्रंकेत ठेवला होता, कारण पुन्हा कोणीतरी नाव काढेल अशी भीती.

सुट्टीत तुम्ही दुसरंच कारण सांगितलंत. एकाच गोष्टीची दोन कारणं मिळाली की तिसरीकडे जाऊन बघायचं, एवढं मला या कॉलेजने शिकवलं. म्हणून सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भाजी आणायला म्हणून गेले ती शाळेत गेले. तिथल्या कारकुनाने अर्धा दिवस धूळ झाडली आणि माझ्या नावाचा एक कागद काढून दिला. मुख्याध्यापिका बाईंनी तुम्हाला लिहिलेलं पत्र आहे ते. शिपाई दुकानात घेऊन आला असणार, कारण खाली तुमची सही आहे आणि सरसाचा डाग आहे. त्याची नक्कल म्हणजे एक्केचाळिसावं पान.

त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. ते तुम्हाला लिहिलं होतं, मला नव्हे.

कापायचं तर कापा. पण तुम्ही ते पान एकदा न वाचता परत केलंत. आता न वाचता कापाल. तिसऱ्यांदा ते तुमच्या हाती येणार नाही.

मी पंधरा तारखेला धुलाईघरातून रजा काढली आहे. प्रकल्प आला तर देईन. नाही आला तर वर्गात जाऊन सांगेन की क्रमांक बारा याने संमती काढून घेतली. त्याचा तो हक्क आहे, तेही आम्हाला शिकवलंय.

गोळ्या घ्या.

टाचणी


ता. ८ मार्च

चि. टाचणीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

या वेळीही उशीर केला. आधी पुस्तक पुरं केलं आणि मग पत्राला बसलो, म्हणून.

तुझं पत्र आल्यावर मी सुरी घेऊनच बसलो होतो, खोटं कशाला सांगू. पट्टी लावली, अडतिसावं पान धरलं. पण कापायचं पान मी आधी पुढचंमागचं बघून घेतो, तीही सवयच. एक्केचाळीस समोर आलं. ते छापील नाही, हाताने लिहिलेल्या पत्राची नक्कल, म्हणून जुळवताना मी ते नुसतंच उलटलं होतं. वरची ओळ, “आपली मुलगी सलग पंचवीस दिवस गैरहजर आहे.” खालची, “अन्यथा नियमाप्रमाणे नाव पटावरून कमी करावे लागेल. पालकाची सही.” या दोन ओळी पाहिल्या आणि मला तो दिवस आठवला. दारात शिपाई उभा, माझ्या हाताला सरस, याद्यांची गाडी बाहेर थांबलेली. वर गैरहजर, खाली नाव कमी, म्हणजे जुळलं. सही केली. तुला जे सांगितलं ते मला खरंच वाटत होतं ग, की शाळेने नाव काढलं. हौस नव्हती हे मी पुढे कधीतरी स्वतःच्या सोयीने शिवलं.

मग बोट ठेवून मधलं वाचलं. अक्षर बारीक आहे. तीन वेळा चष्मा पुसला. ते तू वाचलं आहेस, तरी मी इथे उतरवतो, कारण उतरवल्याशिवाय मला पाठ झाल्यासारखं वाटणार नाही. बाई लिहितात, “मुलगी वर्गातील पहिल्या तिघींत आहे. दुकानात तिची गरज असल्यास तिला सकाळच्या तुकडीत बसवू व दुपारी मोकळे करू. फी घेणार नाही. आपण एकदा भेटावे. आपणांस सवड नसल्यास मी स्वतः दुकानात येईन. कधी यावे एवढे फक्त कळवावे.”

मला त्या बाईंचा एवढा राग आला की पान फाडावंसं वाटलं. पहिल्या तिघींत आहे, हे वरच्या ओळीत लिहायला काय झालं होतं? एवढी मोठी गोष्ट कोणी पोटात लपवतं का? शिंप्याकडे जाऊन मी तसं बडबडलो. तो म्हणाला की अहो, माणसं पत्र सगळं वाचतात असं त्यांना वाटलं असेल. मी त्यालाही चार शब्द सुनावले. आणि घरी येऊन कोणाशी भांडावं ते सुचेना. दादा दुकानात, सूनबाई माहेरी. राग होता तेवढाच होता, आणि घरात मी एकटाच.

तू म्हणशील की मधलं वाचलं असतं तर पाठवलं असतं का. मीही स्वतःला तेच विचारलं. तुझ्यापाशी खोटं बोलायचं वय माझं राहिलं नाही. त्या आठवड्यात पाठवलं नसतं. याद्या होत्या. पण बाई दुकानात आल्या असत्या तर त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. शिकलेल्या माणसासमोर मी आजही टोपी काढतो. त्या आल्या असत्या तर तू गेली असतीस.

एक राग तुझ्यावरही आहे आणि तो राहणार. हा कागद सापडला त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन घरी आलीस, मला चहा दिलास आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. तिथेच माझ्यापुढे का आपटला नाहीस? चार शिव्या का दिल्या नाहीस? तेव्हाही टाके घालत बसलीस, आताही तेच. माझ्याकडूनच शिकलीस म्हणा.

पुस्तक आज सकाळीच वेगळं रजिस्टरने पाठवलं आहे. एकही पान कापलेलं नाही. लाल कापड, कण्यावर सोनेरी अक्षरं. दादाने अक्षरं सरळ बसवायला मदत केली, तरी एक तिरकं आहे, ते माझं. त्रेचाळिसाव्या पानानंतर मी एक जादा पान घातलं आहे. तुझ्या बाईंना विचारलं नाही, तुलाही नाही. माझ्या हातचं आहे, अक्षर सांभाळून घ्यावं. त्यावर लिहिलं आहे, “मी क्रमांक बारा. मुलीला शिकायची हौस नव्हती असं मी सांगितलं ते खोटं आहे. तिला कोणी विचारलंच नव्हतं. शाळेने तिचं नाव काढलं नाही. शाळेने मला पत्र लिहिलं, ते मी वरचं आणि खालचं वाचलं.” खाली सही, तारीख. आणि सही करण्याआधी सगळं वाचलं.

ते पान चिकटवलेलं नाही. चिकटवलेलं सुटतं. दाभणाने भोकं पाडून बाकीच्या पानांबरोबरच शिवलं आहे. आता ते काढायचं तर सगळं पुस्तक उसवावं लागेल.

मला घोर लागला आहे की त्या जादा पानामुळे कॉलेज पुस्तक परत तर करणार नाही ना? रजिस्टर वेळेत पोचेल ना? पोस्टातल्या माणसाने शिक्का नीट मारला नाही, मी पुन्हा मारायला लावला, तो चिडला. दादा म्हणत होता की मी स्वतः नेऊन देतो, मी नको म्हटलं, आता वाटतं पाठवायला हवा होता. पंधरा तारखेला तू वर्गात उभी राहशील तेव्हा किती वाजलेले असतील? त्या वेळी मी दुकानात बसून राहीन.

जावईबापूंना आशीर्वाद. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसंही लिही, मी वाचेन.

पुस्तक पोचलं का, बाईंनी घेतलं का, ते पान पाहून काय म्हणाल्या, आणि तू काय म्हणालीस, सगळं लिही. शाळेच्या त्या बाईंनी फक्त कळवावे असं लिहिलं होतं आणि मी कळवलं नाही. तू तसं करू नकोस. लगेच कळव.

तुझा,
बाबा